शंभरच्या बेरजेत दडलेली चूक

अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने १९५१ साली ९८० क्रमांकाचे बुलेटिन प्रसिद्ध केले. त्यात कुठल्या खाणीचा शोध नव्हता की नव्या खनिजाचे वर्णन नव्हते. दोन खडकांची पूड अनेक प्रयोगशाळांकडे धाडली होती, प्रत्येकीने आपल्या नेहमीच्या रीतीने तिचे रासायनिक पृथक्करण केले होते, आणि आलेले आकडे शेजारी शेजारी छापले होते. ते तक्ते पाहून खडकांचे पृथक्करण करणारे लोक हादरले. पूड एकाच ढिगातली, माणसे अनुभवी, तराजू उत्तम. तरीही ग्रॅनाइटमधल्या सिलिकाच्या आकड्यांत एका टक्क्याहून जास्त तफावत होती. पृथक्करणातला सर्वांत भरवशाचा आकडा म्हणून ज्याच्याकडे पाहिले जात असे, त्याचीच ही स्थिती होती.

हे पुस्तक त्या तक्त्यांच्या पहिल्या ओळीबद्दल आहे. खडकाच्या पृथक्करणात पहिली ओळ सिलिकाची असते, आणि बहुतेक वाचक तिच्यावर नजर टाकून पुढे जातात. मला ती ओळ थांबून वाचण्यासारखी वाटते. सत्तर वर्षांत अनेक प्रयोगशाळांनी मिळून ती दुरुस्त केली, आणि ती दुरुस्त कशी झाली हे कळले की मोजमाप या गोष्टीकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

आधी सिलिका महत्त्वाची का, ते पाहू. ज्वालामुखीय खडकांची नावे आज जगभर एका आलेखावरून ठरतात. त्याच्या आडव्या अक्षावर सिलिका असते आणि उभ्यावर सोडियम-पोटॅशियमच्या ऑक्साइडांची बेरीज. या आलेखात ४५ ते ५२ टक्के सिलिका असलेला, अल्कली कमी असलेला खडक बेसाल्ट ठरतो. ५२ ओलांडली की बेसाल्टी अँडेसाइट. सह्याद्रीच्या घाटांत उभे राहून पाहिलेले जवळजवळ सगळे काळे थर या रेषेच्या डावीकडे पडतात, पण सगळे नाही. बुशे थरसमूहातले लाव्हा प्रवाह वर येताना कवचाच्या खडकांत मिसळत आले असल्यामुळे त्यांच्यातली सिलिका वाढलेली आहे आणि काही प्रवाह रेषेला टेकतात किंवा ती ओलांडतात. त्याच्याही वरचा आंबेनळी थरसमूह या भेसळीपासून बराच मुक्त आहे. हे थर ओळखायला स्ट्रॉन्शियम, बेरियम, टायटॅनियम यांचा आधार जास्त घेतला जातो हे खरे. पण खडकाचे नाव लिहिताना सिलिकाच निर्णय देते, आणि तिच्यात अर्ध्या टक्क्याची चूक असेल तर नाव बदलते.

नावापेक्षाही नाजूक बाब नॉर्मची आहे. क्रॉस, इडिंग्ज, पिर्सन आणि वॉशिंग्टन या चौघांनी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला मांडलेली ही रीत रासायनिक आकड्यांवरून काल्पनिक खनिजे मांडते. त्यात सिलिका आधी फेल्स्पार, पायरॉक्सीन वगैरेंना वाटली जाते, आणि शेवटी उरली तर क्वार्ट्‌झ लिहिला जातो. कमी पडली तर हिशेबात ऑलिव्हिन येते. म्हणजे पन्नास टक्क्यांतली सगळी चूक त्या शेवटच्या शिल्लकीवर जाऊन बसते. मोजलेल्या सिलिकात एक टक्का कमी आला की क्वार्ट्‌झही सुमारे एक टक्क्याने उतरतो, आणि दख्खनच्या बऱ्याच बेसाल्टांत तो मुळात काही टक्केच असतो. त्यावरून लाव्हा कुठल्या खोलीवर वितळला, वर येताना काय गाळून आला, असे मोठे निष्कर्ष काढले जातात. इतका मोठा डोलारा ज्या आकड्यावर उभा आहे, तो आकडा कसा आला हे विचारणे अभ्यासकाचे कर्तव्य आहे.

१९५१ च्या बुलेटिनातल्या त्या दोन नमुन्यांना जी-१ आणि डब्ल्यू-१ अशी नावे मिळाली. जी-१ हा ऱ्होड आयलंड राज्यातल्या वेस्टर्लीचा ग्रॅनाइट, डब्ल्यू-१ हा व्हर्जिनियातल्या सेंटरव्हिलजवळचा डायबेस. मूळ गरज वर्णपटाच्या साहाय्याने पृथक्करण करणाऱ्यांची होती. लुई आहरेन्स तेव्हा एमआयटीत काम करत होते, आणि वर्णपटातल्या रेषांची तीव्रता टक्क्यांत बदलण्यासाठी त्यांना घडण नक्की माहीत असलेली पूड हवी होती. त्यांचे सहकारी हॅरल्ड फेअरबेर्न, सर्वेक्षण संस्थेतले रसायनज्ञ आणि कार्नेगी संस्थेच्या जिओफिजिकल लॅबोरेटरीतले फेलिक्स चेस या कामात एकत्र आले. अपेक्षा अशी होती की रासायनिक रीतीने काढलेले आकडे एकमेकांशी जुळतील आणि तीच वर्णपटवाल्यांची मोजपट्टी होईल. पण मोजपट्टीच वाकडी निघाली.

का, हे समजून घ्यायचे तर जुनी रीत हातात घेऊन पाहिली पाहिजे. विल्यम हिलेब्रँड यांनी १९१९ च्या बुलेटिनात ती इतक्या तपशिलाने लिहून ठेवली की पुढची कित्येक दशके तेच खडक-रसायनाचे पाठ्यपुस्तक राहिले. साधारण एक ग्रॅम पूड घ्यायची, तिच्यात सोडियम कार्बोनेट मिसळायचे, आणि प्लॅटिनमच्या मुशीत हजार अंशांच्या आसपास वितळवायचे. गार झालेली वितळ हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवायची आणि ते द्रावण वाफेवर पूर्ण आटवायचे. कोरडे पडल्यावर सिलिकातले पाणी निघून जाते आणि ती आम्लात परत विरघळत नाही. मग गाळायचे, धुवायचे. गाळलेल्या पाण्यात थोडी सिलिका निसटलेली असतेच, म्हणून ते पुन्हा आटवायचे आणि पुन्हा गाळायचे. दोन्ही गाळणकागद एकत्र जाळून पांढरी पूड १२०० अंशांपर्यंत तापवून तोलायची. शेवटी तिच्यावर हायड्रोफ्लोरिक आम्ल आणि सल्फ्युरिक आम्लाचे काही थेंब घालायचे. सिलिका वायू होऊन उडून जाते. मुशीत उरलेला मळ पुन्हा तोलला की दोन वजनांतला फरक ही शुद्ध सिलिका.

ही रीत देखणी आहे. तिला बाहेरच्या कुठल्याही मोजपट्टीची गरज नाही. फक्त तराजू लागतो. गळती मात्र तिच्या मधल्या पायरीत आहे. दुसऱ्यांदा आटवल्यावरही थोडी सिलिका द्रावणात उरते. जी-१ सारख्या ग्रॅनाइटच्या एका ग्रॅममध्ये सुमारे ७२६ मिलिग्रॅम सिलिका असते. त्यातले तीन मिलिग्रॅम निसटले तरी टक्केवारीत ०.३ चा फरक पडतो, आणि तराजू तर मिलिग्रॅमचा दहावा भाग दाखवत असतो. म्हणजे तोलण्यात खोट नव्हती.

निसटलेली सिलिका जाते कुठे? पुढच्या पायरीला अमोनिया घालून अॅल्युमिनियम, लोह, टायटॅनियम यांचा साका पाडतात. त्या साक्याबरोबर ती खाली बसते. आता अॅल्युमिना काढण्याची जुनी पद्धत अशी की सगळा साका तोलायचा, त्यातून लोह, टायटॅनियम, फॉस्फरस यांचे वेगळे मोजलेले आकडे वजा करायचे, आणि जे उरेल ते अॅल्युमिना म्हणायचे. सिलिकाच्या खात्यातून गेलेले तीन मिलिग्रॅम अशा रीतीने अॅल्युमिनाच्या खात्यात जमा होतात. सिलिका कमी, अॅल्युमिना तितकाच जास्त. एकूण बेरीज जिथल्या तिथे.

पूर्वीच्या पिढीतले पृथक्करण करणारे आपल्या कामाची परीक्षा बेरजेवरून करत. सगळ्या ऑक्साइडांची बेरीज ९९.७५ ते १००.५० च्या आत आली की पृथक्करण चांगले मानायचे, असा दंडकच होता. इमानदार माणसे या दंडकाला मान देत आणि बेरीज बिघडली तर पुन्हा पहिल्यापासून काम करत. पण चूक एका ऑक्साइडातून दुसऱ्यात सरकत असेल तर ती बेरजेला कधीच दिसत नाही. हिलेब्रँड यांना ही गळती ठाऊक होती. साक्यात दडलेली सिलिका परत काढून तोलावी, असे त्यांनी लिहून ठेवले होते. ती पायरी सगळीकडे सारख्या काळजीने पाळली गेली नाही, हे १९५१ च्या आकड्यांनी उघड केले.

आता खरा प्रश्न येतो, आणि माझ्या मते या विषयाचे मर्म तिथेच आहे. दोन डझनांच्या आसपास प्रयोगशाळांचे आकडे हातात आल्यावर खरा आकडा कोणता मानायचा? सरासरी काढायची, हे पहिले उत्तर कुणालाही सुचेल. इकडे तिकडे विखुरलेल्या चुका सरासरीत एकमेकींना खोडतात, हा तिचा आधार. पण इथल्या चुका दोन्ही बाजूंना विखुरलेल्या नव्हत्या. बहुतेकांनी एकच रीत वापरली होती आणि ती रीत एकाच दिशेला गळत होती. बाजारातल्या सगळ्या दुकानांत एकाच साच्यातली हलकी वजने असतील, तर दहा दुकानांत तोललेला गूळ सगळीकडे सारखाच भरेल, आणि तरी गिऱ्हाईक फसलेलेच असेल. प्रयोगशाळा वाढवून ही चूक जात नाही. सरासरी फक्त चुकीच्या आकड्यावर जास्त घट्ट बसते.

यावर काढलेला उपाय मला प्रयोगविज्ञानातल्या उत्तम उदाहरणांपैकी एक वाटतो. घडण आधीपासून ठाऊक असेल असा खडकच तयार करायचा. शुद्ध ऑक्साइड तोलून, मिसळून, वितळवून ग्रॅनाइटच्या घडणीची कृत्रिम काच बनवली गेली. तिला हॅप्लोग्रॅनाइट म्हणत. तिच्यात सिलिका किती हे बनवणाऱ्यांना वजनावरूनच माहीत होते. ही काच प्रयोगशाळांकडे गेली, आणि तिच्यातही सिलिका खऱ्यापेक्षा कमी आणि अॅल्युमिना जास्त, असेच उत्तर आले. चुकीची दिशा तिथे नक्की झाली. १९६० च्या १११३ क्रमांकाच्या बुलेटिनात या सगळ्याचा दुसरा अहवाल आला. मायकेल फ्लायशर यांनी १९६० च्या दशकाअखेर सुचवलेल्या मूल्यांत जी-१ ची सिलिका ७२.६४ टक्के, अॅल्युमिना १४.०४ टक्के आणि डब्ल्यू-१ ची सिलिका ५२.६४ टक्के आहे. सुरुवातीच्या सरासरीपेक्षा ग्रॅनाइटची सिलिका वर सरकली आणि अॅल्युमिना खाली आला.

त्याच सुमारास जेफरी आणि विल्सन यांनी जुन्या रीतीत एक साधी, मोलाची भर घातली. द्रावण एकदाच आटवायचे आणि गाळलेल्या पाण्यात उरलेली सिलिका मॉलिब्डेनमच्या निळ्या रंगावरून मोजून मिळवायची. गळती थांबवण्याची धडपड सोडून त्यांनी ती मोजली. अनेक चांगल्या प्रयोगशाळांत ही रीत मग रुळली.

एक स्वतंत्र साक्षीदारही पुढे आला. चौदा दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या न्यूट्रॉनांचा मारा केला की सिलिकॉनच्या अणूंपासून किरणोत्सारी अॅल्युमिनियम-२८ तयार होते. त्याचे अर्धायुष्य सव्वादोन मिनिटांच्या आसपास आहे, आणि त्याचे गॅमा किरण मोजून, शुद्ध क्वार्ट्‌झशी तुलना करून, सिलिका काढता येते. इथे आम्ल नाही, आटवणे नाही, गाळणकागद नाही. फॉस्फरस आणि अॅल्युमिनियम यांपासूनही तेच अॅल्युमिनियम-२८ बनते, म्हणून सुधारणा करावी लागते. पण या रीतीच्या अडचणी तोलण्याच्या रीतीच्या अडचणींहून अगदी निराळ्या आहेत. वेगवेगळ्या वाटांनी चालत गेलेले दोन आकडे एकाच ठिकाणी पोचतात, तेव्हाच त्यांच्या जुळण्याला वजन येते. एकाच वाटेने गेलेल्या पंचवीस आकड्यांचे जुळणे हा इतका भक्कम पुरावा नव्हे.

आज आपल्याकडच्या विद्यापीठांतून आणि संस्थांतून सिलिका बहुतेक वेळा क्ष-किरण प्रतिदीप्तीने, म्हणजे एक्सआरएफने, मोजतात. सिलिकॉनचे क्ष-किरण इतके क्षीण असतात की ते नमुन्याच्या पृष्ठभागाच्या मायक्रॉनमध्ये मोजाव्यात अशा उथळ थरातूनच बाहेर येतात. दाबून केलेल्या गोळीत त्या थरात क्वार्ट्‌झचा एखादा जाड कण आला की आकडा बदलतो. म्हणून नॉरिश आणि हटन यांनी १९६९ मध्ये लिथियम बोरेटात पूड वितळवून काचेची चकती करण्याची रीत नीट बसवून दिली, आणि मुख्य ऑक्साइडांसाठी ती आजही सर्वांत विश्वासाची आहे. पण एक्सआरएफ स्वतःहून टक्के सांगत नाही. यंत्र किरण मोजते. टक्क्यांत उतरवायला माहीत असलेल्या नमुन्यांची मोजपट्टी लागते, आणि ती मोजपट्टी शेवटी तराजूवाल्यांनी आणि त्यांच्या चुका शोधून काढणाऱ्यांनी घडवलेली आहे. संदर्भ-नमुन्याचे मूल्य चुकीचे धरले तर नवे कोरे यंत्रही तीच चूक चार दशांश स्थळांपर्यंत छापून देते. नव्या यंत्रावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला १९५१ ची गोष्ट माहीत असायला हवी, ती याच कारणासाठी.

दोन प्रयोगशाळांचे आकडे न जुळण्याचे आणखी एक कारण आपल्या हवेत फार जाणवते. पूड ओलावा धरते. कोकणातल्या पावसाळ्यात तर बघायलाच नको. म्हणून १०५ ते ११० अंशांवर वाळवून तोलणे आणि तसे लिहिणे आवश्यक आहे. त्याहून मोठा फरक जळून जाणाऱ्या भागाचा असतो. झिजलेल्या बेसाल्टात तापवल्यावर दोन टक्के वजन घटत असेल आणि मुळात सिलिका ५० टक्के असेल, तर तापवलेल्या पुडीवर काढलेला आकडा ५१.०२ येतो. मोजमापात कुणाचीही चूक नसताना एक टक्क्याची तफावत पडते, ती फक्त आकडा कशावर काढला हे न लिहिल्यामुळे. ताज्या बेसाल्टात उलटेही घडते. दहा टक्के फेरस ऑक्साइड तापवताना ऑक्सिजन घेऊन सगळ्या पुडीला १.१ टक्क्याने जड करू शकते, आणि वजन घटण्याऐवजी वाढते. अशा वेळी तक्त्यात उणे चिन्ह दिसले की काही जण ती ओळच गाळतात. तसे करू नये.

दख्खनला या इतिहासाशी जोडणारा धागा जुना आहे. नॉर्म मांडणाऱ्या चौघांपैकी हेन्री वॉशिंग्टन यांनीच खडकांच्या रासायनिक पृथक्करणावर एक गाजलेले हस्तपुस्तक लिहिले, आणि १९२२ मध्ये दख्खनच्या बेसाल्टांवर त्यांचा मोठा निबंध आला. त्यांच्या पृथक्करणांतली दख्खनची सरासरी सिलिका सुमारे ५०.६ टक्के आहे, आणि तो आकडा पुढे कितीतरी पुस्तकांतून फिरला. वॉशिंग्टन आपल्या कामात निष्णात होते. तरीही १९५१ पूर्वीचे तोलून काढलेले आकडे आणि आजचे एक्सआरएफचे आकडे एकाच आलेखावर टिंबे म्हणून मांडताना, जुन्या रीतीचा कल कमी सिलिकाकडे आणि जास्त अॅल्युमिनाकडे होता, हे मनात ठेवले पाहिजे. ही दक्षता घेतली नाही, तर पद्धतींमधला फरक खडकांमधला फरक म्हणून वाचला जाईल.

जी-१ ची पूड काही वर्षांत संपली. वेस्टर्लीच्याच परिसरातून मग जी-२ तयार झाला, आणि त्याची सिलिका ६९.१ टक्के निघाली, जी-१ पेक्षा साडेतीन टक्क्यांनी कमी. एका ग्रॅनाइटच्या जागी शेजारचा ग्रॅनाइट चालत नाही. संदर्भ-नमुना म्हणजे ती विशिष्ट बाटल्यांत भरलेली पूडच. ज्या खडकातून ती आली तो डोंगर नव्हे. जी-२ बरोबर कोलंबिया नदीच्या प्रदेशातला बीसीआर-१ हा बेसाल्टही आला. तोही दख्खनसारखाच पठारी बेसाल्ट. चंद्रावरून आलेले खडक तपासताना अनेक प्रयोगशाळांनी तोच शेजारी ठेवला. पुढे हवाईतल्या किलाउएआ ज्वालामुखीचा बीएचव्हीओ आला. १९१९ मध्ये हालेमाउमाउ विवरातून उतू गेलेल्या लाव्हाची ती पूड आहे. तिच्या दुसऱ्या खेपेचे, बीएचव्हीओ-२ चे, सिलिकाचे मूल्य सर्वेक्षण संस्थेच्या दाखल्यात ४९.९, अधिक-उणे ०.६ असे आहे. फ्रान्समध्ये नान्सीला के. गोविंदराजू यांनी १९७७ पासून या नमुन्यांना वाहिलेले नियतकालिक चालवले आणि १९९४ मध्ये ३८३ नमुन्यांची मूल्ये एकत्र छापली. नमुना-तुलनेच्या या कामाला शिस्त लावण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे.

१९९६ पासून आंतरराष्ट्रीय भूपृथक्करण संघटना जिओपीटी नावाची चाचणी घेते. प्रयोगशाळांना अनोळखी पूड जाते, आकडे जमा होतात, आणि प्रत्येकीला मान्य मूल्यापासून आपण किती दूर आहोत हे गुणांकाने कळते. काटेकोर संशोधनाच्या गटासाठीही पन्नास टक्के सिलिकाच्या खडकाला सुमारे ०.५५ इतके प्रमाण विचलन गृहीत धरले जाते, आणि त्याच्या दुपटीपर्यंतचा फरक समाधानकारक मानला जातो. चाचणी म्हणून हे ठीक आहे. पण वर सांगितलेली ५२ ची रेषा किंवा नॉर्ममधला क्वार्ट्‌झ यांसाठी १.१ टक्क्याची सूट माझ्या मते फार सैल आहे. चाचणीत उत्तीर्ण होणे आणि आपल्या प्रश्नाला पुरेसे अचूक असणे या दोन गोष्टी प्रत्येक अभ्यासकाने वेगळ्या तपासाव्यात.

पुढील प्रकरणांत रीती, आकडेमोड आणि तक्ते सविस्तर येतील. ते वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या मार्गदर्शकांना माझी एकच विनंती आहे. आपल्या नमुन्यांच्या प्रत्येक खेपेबरोबर बीएचव्हीओ-२ किंवा बीसीआर-२ सारखा एक संदर्भ-नमुना अनोळखी म्हणून चालवा. ज्या नमुन्यांवरून यंत्र जुळवले, त्यांच्यातलाच तो नसावा. त्याचा आलेला आकडा, मान्य आकडा, पूड वाळवलेली होती की तापवलेली, आणि पृथक्करणाची रीत, एवढे प्रबंधातल्या त्याच तक्त्यात, आपल्या खडकांच्या शेजारी छापा. एक जादा रकाना लागेल. वीस वर्षांनी दुसऱ्या कुणाला तुमचे आकडे वापरायचे असतील, तर ते तो रकाना आधी पाहतील.